राष्ट्रे सावरतात कशी? भाग ६ : डेन्मार्कचे दूध

घसरणीला लागलेला देश सावरायचा तर आधी माणसांची मने घडवायची की आधी पोटापाण्याची सोय लावायची? मागच्या भागात हा प्रश्न मांडला होता. या वादात दोन्ही बाजूंचे लोक हमखास डेन्मार्कचे नाव घेतात, म्हणून आज तोच देश पाहू.

१८६४ साली प्रशिया आणि ऑस्ट्रियाशी झालेल्या युद्धात डेन्मार्कच्या राजाने श्लेस्विग, होल्स्टाइन आणि लाउएनबुर्ग गमावले. पाचांतली जवळजवळ दोन माणसे एका तहाने परकी झाली. ती जखम ओली असतानाच अमेरिका आणि रशियाचे स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात उतरले. धान्य विकून जगणारा डॅनिश शेतकरी पुरता अडचणीत आला.

मने घडवण्याची बाजू घेणारे इथे ग्रुंडटविग यांच्याकडे बोट दाखवतात. पाद्री आणि स्तोत्रकार असलेल्या या माणसाला शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वेगळी शाळा हवी होती. त्यांच्या विचारातून पहिले लोकविद्यालय १८४४ साली रॉडिंगला निघाले. युद्धानंतर ते गावच प्रशियाकडे गेले, तेव्हा शाळेने नव्या सीमेच्या अलीकडे आस्कोवला बिऱ्हाड हलवले. शेतीची कामे थंडावली की हिवाळ्यात तरुण मुले अशा शाळांत येऊन राहत. इतिहास ऐकत, गाणी म्हणत, चर्चा करत. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. आपणही या देशाचे कोणी आहोत, ही जाणीव घेऊन ती घरी परतत.

अर्थकारणाची बाजू घेणाऱ्यांचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. डेन्मार्कने परक्या धान्यावर जकात बसवली नाही. तेच स्वस्त धान्य गाई-डुकरांना घातले आणि इंग्लंडला लोणी नि डुकराचे मांस विकले. १८७० च्या दशकाच्या अखेरीस दुधातून साय वेगळी करणारे, सतत फिरणारे यंत्र आले. ते घेणे एकट्या शेतकऱ्याला परवडणारे नव्हते, पण अनेकांचे दूध एकत्र आले तर परवडत होते. शिवाय बहुतेक शेतकरी स्वतःच्या जमिनीचे मालक होते आणि १८१४ च्या शाळा-कायद्यामुळे त्यांना लिहिता-वाचता येत होते.

दोन्ही धागे कुठे गुंततात ते पाहायचे तर पश्चिम जटलंडमधल्या येडिंगला जावे लागते. १८८२ साली तिथे पहिली सहकारी डेअरी उभी राहिली. सभासदांनी करारावर सह्या केल्या. घरखर्चापुरते ठेवून उरलेले सगळे दूध इथेच घालायचे. डेअरीसाठी काढलेल्या कर्जाला सगळे मिळून जामीन. म्हणजे शेजाऱ्याने हात वर केले तर त्याचा बोजा आपल्या डोक्यावर. अशा कागदावर सही करायला नुसते यंत्र पुरत नाही, शेजाऱ्यावर भरवसा लागतो. तो भरवसा वाढवण्यात लोकविद्यालयांचा वाटा होता, असे मी मानतो.

पण भरवशाचीही परीक्षा होते. दूध नुसते मापावर घेतले की पाणी घालणाऱ्याचे फावते आणि चोख दूध घालणारा मनातून तुटतो. आपल्याकडे संकलन केंद्राच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कोणालाही हे सांगायला नको. डॅनिश डेअऱ्यांनी त्यावर प्रवचन दिले नाही. फ्योर्ड या संशोधकाच्या उपकरणाने प्रत्येकाच्या दुधातली साय मोजता येऊ लागली आणि पैसे फॅटप्रमाणे मिळू लागले. बहुतेक डेअऱ्यांत मत मात्र माणशी एकच राहिले, गोठ्यात गाई कितीही असोत. प्रामाणिकपणाला असा हिशेबाचा आधार मिळाला, म्हणून तो टिकला. १९०० पर्यंत अशा डेअऱ्या हजारावर गेल्या.

मने घडवणाऱ्या या धर्मजागृतीने नुकसानही केले, हे तिचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत. ग्रुंडटविगपंथीयांच्या शेजारी ‘अंतर्गत मिशन’ हा कडक आचाराचा पंथ वाढत होता. रविवारी डेअरी चालवणे त्यांना पाप वाटे. गाई मात्र रविवारीही दूध देत. काही ठिकाणी हा वाद इतका चिघळला की एका डेअरीपुरते दूध असलेल्या गावात दोन डेअऱ्या झाल्या. दोन्हीकडे दूध कमी, यंत्रे अर्धवट वापरात आणि खर्च दुप्पट. दोन्ही बाजूंची माणसे सश्रद्ध होती, सचोटीची होती, आणि तरीही गाव तोट्यात गेले.

तेच यंत्र आणि तीच इंग्लंडची बाजारपेठ आयर्लंडलाही मिळाली. १८८९ साली ड्रमकॉलगरला तिथली पहिली सहकारी डेअरी निघाली, पण पुढची वाटचाल डेन्मार्कइतकी सरळ झाली नाही. जमीन कोणाची यावरून जिथे जमीनदार आणि कुळे एकमेकांविरुद्ध उभी होती, तिथे एका कर्जाला सगळ्यांनी जामीन राहायचे कसे? पुढच्या भागात आयर्लंड.