पाणी मुरते कुठे, गळते कुठे

आमची फिरती प्रयोगशाळा म्हणजे 2008 साली बांधलेली एक जुनी व्हॅन. आत दोन्ही बाजूंना प्लायवूडची कपाटे, मध्ये घडीचे टेबल आणि मुक्कामाची वेळ आली तर दोघांना पाठ टेकता येईल एवढी फळी. परदेशात अशा राहण्याजोग्या गाड्यांना कॅम्पर व्हॅन म्हणतात; आमच्या गाडीला मुले ‘प्रयोगाची गाडी’ म्हणतात. 2022 च्या पावसाळ्यात चिपळूणच्या दौऱ्यावरून परतल्यावर आम्ही मागचे कपाट उघडले, तर लिटमसच्या कागदांचा लगदा झालेला, प्लायवूडचे पापुद्रे सुटलेले आणि दोन सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर बुरशीचे जाळे. कपाटाशेजारीच दिव्यांचा स्विचबोर्ड होता आणि त्याची फळीही ओली होती. गॅरेजमधल्या कारागिराने टपावर दोन चापट्या मारून निकाल दिला, “पत्रा सडलाय, भंगारात काढा.” नव्या गाडीला पैसे नव्हते, आणि पुढच्या महिन्यासाठी आठ शाळांना शब्द दिलेला होता.

आम्ही प्रथम केले ते बहुतेक लोक करतात तेच. थेंब जिथे पडत होता, तिथे आतून कडक पुट्टी भरली. पंधरा दिवसांनी थेंब वीतभर पुढे सरकला. पाणी आत यायचे थांबले नव्हते. आम्ही फक्त त्याची बाहेर पडायची वाट बुजवली होती. ते टपाचा पत्रा आणि आतले रेक्झिनचे अस्तर यांच्यामध्ये साचून पत्र्याला गंज चढवत होते.

गाडी चालवणारे मामा हे सगळे शांतपणे पाहत होते. शेवटी म्हणाले, “सर, कुंभार्ली घाट चढताना मागं गळतं आणि उतरताना माझ्या मानेवर. पाणी एकच असंल.” खरे म्हणजे हे त्यांनी आधीही सांगितले होते. आम्ही ते हसण्यावारी नेले होते, कारण थेंब आमच्या कपाटावर पडत होता आणि मान त्यांची होती.

मामांचे म्हणणे हे चांगले निरीक्षण होते. रस्त्याचा चढ पंधरास एक धरला, तर तीन मीटर लांबीच्या टपाच्या दोन टोकांत 20 सेंटिमीटरचा फरक पडतो. एवढ्या उतारावर अस्तरावरचे पाणी सहज या टोकाचे त्या टोकाला जाते. म्हणजे थेंब पडण्याच्या जागेवरून आपल्याला अस्तर कुठे सखल आहे एवढेच कळते, भोक कुठे आहे ते कळत नाही. कौलारू घरातही कौल एकीकडे फुटते आणि वाशावरून वाहत आलेले पाणी भलतीकडेच ठिबकते, हे आपण पाहिलेले असते.

मग अस्तर उतरवले. पत्र्याच्या आतल्या बाजूला सांध्यांवर, बोल्टांभोवती फळ्यावरचा खडू घासून पांढरे पट्टे काढले. पाण्याचा ओघळ आला की खडू गडद होतो आणि ओघळाचा उगम दिसतो. एकजण आत विजेरी घेऊन बसला, दुसरा बाहेर नळी घेऊन उभा राहिला. इथे एक पथ्य महत्त्वाचे: पाणी खालून वर घ्यायचे. आधी खिडकीची खालची कड, मग वरची, मग टपाची कड आणि शेवटी टप. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे. आधीच टपावर बादली ओतली, तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून खाली येते आणि कोणता सांधा दोषी ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा वर्गात सांगितलेला नियम पाळायला आम्हाला तीन तास लागले. त्यात दोनदा भांडणही झाले.

चोर सापडला तो सामानाच्या कॅरिअरच्या एका पायाखाली. हे आम्हाला पटेना, कारण तो बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर होता, आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा दीड सेंटिमीटर वर. तिथे पाणी साचणे शक्यच नव्हते. पण साचायची गरजही नव्हती. कॅरिअरच्या पायाची चपटी पट्टी वाकून उंचवट्यावर घट्ट बसली होती आणि दोन पृष्ठभागांमध्ये कागदाएवढी फट होती. अशा फटीत पाणी केशाकर्षणाने वर चढते. स्वच्छ काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये 0.1 मिलिमीटर अंतर असेल, तर पाणी जवळजवळ 15 सेंटिमीटर चढते. रंगवलेल्या, तेलकट पत्र्यावर ते बरेच कमी चढेल. पण आम्हाला अडचणीत आणायला दीड सेंटिमीटर पुरेसे होते.

हे वर्गात दाखवणे अगदी सोपे आहे. काचेच्या दोन पट्ट्या साबणाने धुऊन घ्या, एका कडेला एकमेकींना टेकवा, दुसऱ्या कडेला मध्ये काडेपेटीची काडी धरा आणि रबराने बांधून बशीतल्या रंगीत पाण्यात उभ्या करा. काडीच्या बाजूला पाणी जेमतेम चढते, टेकलेल्या कडेला उंच जाते आणि मधली रेघ सुंदर वक्र होते. फट जितकी अरुंद, तितके पाणी उंच. म्हणून सांधा नुसता घट्ट आवळून गळती थांबत नाही, कधीकधी वाढते.

आणि सांध्यात भरलेले जुने लांबण का तडकले होते? कॅरिअर ॲल्युमिनियमचे, टप पोलादाचा. दोन मीटर लांबीत तापमान 40 अंशांनी वाढले तर पोलाद सुमारे 1 मिलिमीटर वाढते आणि ॲल्युमिनियम सुमारे 1.8. मे महिन्यात टप तापतो, रात्री निवतो, आणि रोज एवढी ओढाताण झाली की कडक पुट्टीला भेगा पडणारच. तिथे ताणले जाणारे पॉलियुरेथेन भरले. कॅरिअर काढले, गंज तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासला, रेड ऑक्साइड आणि रंग दिला, पायांखाली जाड रबर बसवले; त्यामुळे दोन धातू एकमेकांपासून वेगळेही राहिले. बाजारात स्वस्त मिळणारे, व्हिनेगरचा वास येणारे सिलिकॉन आम्ही टाळले. तो वास ॲसिटिक आम्लाचा असतो, आणि उघड्या पोलादावर ते गंजाला मदतच करते.

एवढे करूनही समोरच्या काचेखाली ओल राहिली, आणि तीही फक्त गाडी चालत असताना. उभ्या गाडीवर अर्धा तास नळी धरली तरी थेंब नाही! ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना समोरच्या हवेचा दाब जास्तीत जास्त 170 पास्कल वाढतो. म्हणजे पाण्याच्या 17 मिलिमीटर उंच स्तंभाइतका. काचेच्या रबराची आतली कड त्याहून ठेंगणी होती. ताशी 80 ला तर हा स्तंभ 30 मिलिमीटरचा होतो. जागा शोधायला आम्ही उलट केले: सरकत्या दारात पुठ्ठा लावून टेबलफॅनने आत हवा कोंडली आणि बाहेरून रबरावर साबणाचे पाणी फासले. खालच्या डाव्या कोपऱ्यात बुडबुडे आले. रबर आक्रसले होते, ते बदलले.

पुढच्या मुक्कामात सकाळी छत पुन्हा ओले. आमचा धीर सुटत आला होता, पण रात्री पाऊस पडलाच नव्हता. छताला प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून ठेवला; सकाळी दव त्याच्या आमच्याकडच्या अंगावर होते. ही गळती नव्हतीच. 30 अंशांच्या एक घनमीटर हवेत 30 ग्रॅमपर्यंत बाष्प मावते, 20 अंशांना 17 च. दोन माणसांचे श्वास आणि ओल्या छत्र्या बंद गाडीत ठेवल्यावर उरलेले बाष्प गार पत्र्यावर जमणारच. आता झोपताना दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवतो आणि छत्र्या बाहेर टांगतो.

आठपैकी सहा शाळा वेळेवर झाल्या, दोन दिवाळीनंतर. मागच्या दाराच्या बिजागरीपाशी अजून एक थेंब आहे. तो गाडी धुताना पडतो, पावसात पडत नाही. मामांनी तशी नोंद वहीत तारखेसह केली आहे.