लिग्निनला हात न लावता

पांढऱ्या कुजीचा ओंडका फोडला की आतले लाकूड फिकट आणि ओलसर दिसते, बोटांनी ओढले तर त्याचे धागे सुटतात. बुरशीने विकरे सोडली आणि त्यांनी लिग्निन कापत नेले, असे याचे स्पष्टीकरण सहसा दिले जाते. स्टार्च तोडणाऱ्या अमायलेजला ते लागू पडते, कारण स्टार्चमध्ये ठरावीक जोडच पुन्हा पुन्हा येतात आणि ते ओळखले की विकराचे काम भागते. लिग्निनमध्ये अशी शिस्त नाही. बेंझिन वलयांचे त्याचे घटक ईथर बंधांनी आणि कार्बन-कार्बन बंधांनी वाटेल तसे गुंतलेले असतात. त्यात धडधाकट लाकडाच्या पेशीभित्तीतली छिद्रे इतकी बारीक, की विकराचा रेणू आत शिरतच नाही. म्हणून बुरशी लिग्निन जाळते, तेही दुरून, असे म्हणणे मला जास्त खरे वाटते.

फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीतले लिग्निन पेरॉक्सिडेज 1983 साली अमेरिकेत सापडले. ते हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोरावर समोरच्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन ओढून घेते. पुढची मोडतोड तो अस्थिर रेणू आपणहून करतो. मँगनीज पेरॉक्सिडेज तर लिग्निनपाशी जाण्याची तसदीही घेत नाही. ते मँगनीजचे तीन धनभारांचे आयन तयार करते, बुरशीनेच सोडलेले ऑक्झॅलेट त्यांना धरून ठेवते, आणि ही इवलीशी जोडी भित्तीत झिरपून लिग्निनचे ऑक्सिडीकरण करते. लागणारे पेरॉक्साइड बुरशीची दुसरी विकरे जागच्या जागी, बेताबेताने पुरवतात. ते फार झाले तर पेरॉक्सिडेजच निकामी होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. शुद्ध केलेले पेरॉक्सिडेज चंचुपात्रात लिग्निनवर सोडले, तर पुष्कळदा तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि रेणू उलट मोठा होतो. मग खरे काम या विकरांचे कसे मानायचे? पण लाकडात सुटलेले तुकडे शोषून घेणारे जिवंत कवकतंतू असतात, चंचुपात्रात ते नसतात. या प्रयोगातून विकर एकटे पुरत नाही एवढेच ठरते.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. तपकिरी कूज करणाऱ्या बुरशा लोह आणि पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलके बनवून सेल्युलोजपर्यंत पोचतात आणि बरेचसे लिग्निन, थोडे बदललेल्या रूपात, तिथेच सोडून देतात. लाकडाला चौकोनी भेगा पडतात त्या यामुळे. मग पेरॉक्सिडेजचा खटाटोप कशाला? लिग्निन हे पोट भरण्याचे अन्न असते तर या प्रश्नाला उत्तर नव्हते. पण पांढऱ्या कुजीची बुरशीसुद्धा नुसत्या लिग्निनवर वाढत नाही. फॅनेरोकीट तर नायट्रोजन संपत आला की लिग्निनच्या मागे लागते, आणि लाकडात नायट्रोजन मुळातच नावापुरता. दोघींनाही हवी असते ती आतली साखर. जनुकसंचांची तुलना केल्यावर दिसले, की तपकिरी कुजीच्या बुरशा पांढऱ्या कुजीच्या पूर्वजांपासूनच, एकाहून अधिक वेळा, निपजल्या आणि त्या वाटेवर त्यांनी लिग्निन फोडणाऱ्या पेरॉक्सिडेजची जनुके गमावली. भित्तीत झिरपणारे छोटे, जहाल रेणू मात्र त्यांनाही सोडता आले नाहीत.