डुगडुगणाऱ्या कमोडची गोष्ट

मुलांनो, परवा वर्गात मी म्हटलं, "आज आपण संडासाबद्दल बोलू या." झालं! कुणी नाक दाबलं, कुणी बाकाखाली तोंड लपवून हसलं. तुम्हीही हसून घ्या, आणि मग पुढचं वाचा.

आमच्या आजींचे गुडघे दुखतात, म्हणून घरी कमोड बसवलंय. गेल्या पावसाळ्यात ते डुगडुगायला लागलं. बुडाशी पाणी दिसे, वासही येई. आम्ही काय केलं? भोवती पांढरं सिमेंट लावून टाकलं. पाणी दिसेनासं झालं, वास मात्र गेला नाही. एक दिवस आजी हळूच म्हणाल्या, "हल्ली मी पाणीच कमी पिते गं. आत जायची भीती वाटते. पण असलं कुणाला सांगायचं?"

मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी प्लंबरकाकांना बोलावलं.

आता एक गंमत पाहा. कमोडच्या पोटातली नळी वळणदार असते. फ्लश केल्यावरही त्या वळणात थोडं पाणी उरतं. गटारातले वायू त्या पाण्यामुळे घरात येऊ शकत नाहीत. म्हणजे पाण्याचं झाकणच की! अशा वळणदार नळीच्या संडासाचं पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंग यांनी लंडनमध्ये घेतलं. आणि ते होते कोण? घड्याळजी!

मग आमच्याकडे वास कुठून येत होता? कमोडचं तोंड फरशीतल्या पाइपला जिथं जुळतं, तिथं प्लास्टिकचं एक गोल कडं होतं. त्याला 'फ्लँज' म्हणतात. कमोडचे बोल्ट त्यातच अडकवलेले असतात. बोल्ट ढिले झाले, कमोड हलत राहिलं आणि कड्याचा एक तुकडाच पडला. वायूला बाहेर यायला तिथूनच वाट मिळाली.

काकांनी हातमोजे घातले. अँगल कॉक बंद केला, टाकी रिकामी केली, भांड्यातलं पाणी काढलं. सिमेंट हलक्या हाताने फोडून कमोड उचललं. मग पाइपच्या तोंडात जुनं फडकं कोंबलं. म्हणजे वास वर येत नाही आणि एखादा स्क्रूही आत पडत नाही. तुटकं कडं काढून जागा साफ केली आणि नवं कडं न गंजणाऱ्या स्क्रूंनी घट्ट बसवलं. फडकं आठवणीने काढलं बरं का! मग नवी रबरी गादी ठेवून कमोड सरळ खाली टेकवलं. बोल्ट दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून थोडेथोडे आवळले. एकच बाजू जोरात आवळली, तर चिनीमातीला तडा जातो.

शेवटी काकांनी भोवती सिमेंट भरलं, पण मागे बोटभर फट ठेवली. मी विचारलं, "एवढी राहिली का हो?"

"राहिली नाही ताई, ठेवलीय," ते म्हणाले. "पुन्हा गळलंच, तर पाणी बाहेर दिसायला हवं ना!"

मी गप्पच झाले. आम्ही सिमेंट लावलं होतं ते गळती झाकायला. काकांनी मात्र ती दिसावी म्हणून जागा ठेवली.

मुलांनो, हे काम मोठ्यांचं आहे. तुम्ही बॅटरी धरा, लांबून पाहा आणि नंतर साबणाने हात धुवा. पण एक काम तुमचंच. घरात कमोड हलत असेल, कुठं गळत असेल, तर न लाजता लगेच सांगा. आणि आजी-आजोबांनाही विचारा, "आत जाताना काही त्रास होतो का?" ते आपणहून सांगणार नाहीत कदाचित.

आमच्या आजींच्या उशाशी आता पुन्हा पाण्याचा तांब्या असतो. सकाळी पाहावं, तर रिकामा!