‘समुद्रातला रुपया’ पारखायचा कसा?

यंदा लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी आपल्या मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद एक डबी घेऊन कार्यालयात आले. डबीत काळपट, खडबडीत चांदीचा रुपया होता आणि सोबत सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र: श्रीलंकेजवळ बुडालेल्या जहाजातला औरंगजेबाचा सुरती रुपया. किंमत बावीस हजार, पैकी पाच हजार बयाणा देऊन झालेला. ‘बाकीचे देण्याआधी तुम्ही एकदा बघा,’ काका म्हणाले.

आम्ही नाणेतज्ज्ञ नाही. पण देवघरातला बाबाशाई रुपया हाताळत वाढलेली माणसे बडोद्यात कमी नाहीत, आणि आमच्यातले दोघे-तिघे बरीच वर्षे नाणी जमवतात. त्या दिवशी जे तपासले ते इथे लिहून ठेवतो, कारण अशी नाणी आता घरबसल्या विकली जातात.

पहिली गोष्ट म्हणजे प्रमाणपत्रावरची कथा खोटी नव्हती. १९६१ साली श्रीलंकेच्या आग्नेय किनाऱ्यासमोर, ग्रेट बेसेस दीपगृहाजवळच्या खडकांत, विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क यांचे सहकारी माइक विल्सन यांना असे रुपये खरोखर सापडले. थैल्यांत भरलेले हजारहजार रुपये समुद्रात एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे झाले होते. सगळे सुरतेच्या टांकसाळीतले, हिजरी १११३ चे, म्हणजे इ.स. १७०१-०२ चे. आपल्या बडोद्यापासून सुरत किती लांब? म्हणूनच काकांना तो रुपया घरचा वाटला असणार. फसवणारा नेहमी खऱ्या कथेलाच आपले नाणे चिकटवतो.

म्हणून कथा बाजूला ठेवून नाणे वाचायचे. औरंगजेबाच्या रुपयावर हिजरी सन असतो आणि राज्यारोहणाचे वर्षही असते. १११३ सोबत ४५ किंवा ४६ वे वर्षच जुळते. काकांच्या नाण्यावर हे आकडे बरोबर होते. मग नकली कसे? तर ते खऱ्या नाण्याचा साचा घेऊन ओतलेले होते.

मोगल रुपया हातोड्याने ठोकलेला असे. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे मजकुराचा काही भाग दर वेळी बाहेर जाई आणि तो दर नाण्यात वेगळा असे. दोन नाण्यांवर अक्षरे त्याच जागी तुटलेली आणि कडेला तोच खळगा दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातली. आम्ही विक्रेत्याच्या इतर नाण्यांची छायाचित्रे मागवली. ‘वेगवेगळ्या’ तीन रुपयांवर खालच्या बाजूला तोच खळगा होता. भिंगातून कडेवर बारीक शिवणीसारखी रेषही दिसली.

खारे पाणी चांदीला खाते ते वेडेवाकडे. गठ्ठ्याच्या बाहेरची नाणी झिजून पातळ होतात, आतली जवळजवळ कोरी राहतात. आम्लात बुडवून ‘जुने’ केलेल्या नाण्यावर मात्र सगळीकडे सारखेच बारीक खड्डे असतात. शिवाय, मुळात साधारण साडेअकरा ग्रॅमचा रुपया समुद्राने कुरतडल्यावर हलका व्हायला हवा. काकांचा रुपया देवीच्या व्रणांसारखा खडबडीत आणि वजन मात्र ११.४० ग्रॅम, जणू कालच टांकसाळीतून आलेला.

शेवटी ओळखीच्या सराफाकडे गेलो. नाणे दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत तोलले की वजन किती घटते ते बघायचे. ११.४० ग्रॅमचा चांगल्या चांदीचा रुपया साधारण १.१० ग्रॅमने हलका भरतो. हा १.३१ ने भरला. म्हणजे घनता ८.७, जर्मन सिल्व्हरची असते तेवढी. (समुद्रातल्या खऱ्या नाण्याच्या छिद्रांत हवा अडकून आकडा थोडा कमी येऊ शकतो, पण इतका नाही.) लोहचुंबकावर विसंबू नका, चांदी त्याला चिकटत नाही आणि जर्मन सिल्व्हरही सहसा चिकटत नाही.

प्रमाणपत्राबद्दल एवढेच, की त्यावर त्याच नाण्याचे छायाचित्र, वजन आणि क्रमांक नसेल तर तो कागद कोणत्याही नाण्याचा असू शकतो.

आता किमतीचे. जहाजातले म्हणजे दुर्मिळ, ही समजूत बहुतेक वेळा उलटी असते. ईस्ट इंडिया कंपनीचे ‘अ‍ॅडमिरल गार्डनर’ जहाज जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या केंट किनाऱ्यासमोर गुडविन सँड्सवर बुडाले. त्यात मद्रास इलाख्यासाठी सोहो टांकसाळीत पाडलेली १० आणि २० कॅशची तांब्याची नाणी पिंपे भरभरून होती. १९८० च्या दशकात ती लाखोंनी वर आली आणि आज जुन्या नाण्यांत सर्वांत स्वस्तांपैकी आहेत. त्यांच्यावर साल १८०८ असते. १८०३ चे नाणे कोणी ‘गार्डनर’चे म्हणून दिले तर हात आखडता घ्यावा. औरंगजेबाचा सुरती रुपयाही संग्राहकांना सहज मिळतो, आणि न बुडालेला असेल तर समुद्राने खाल्लेल्यापेक्षा चांगल्या अवस्थेत. बुडाल्याचे जादा पैसे द्यायचे तर ते पुराव्याचे.

घरातल्या नाण्यांबद्दल दोन सूचना. चिंच, लिंबू, पितांबरी यांपैकी काहीही लावू नका. चकाकी येते आणि किंमत जाते. आणि मुले अमेरिकेत आहेत म्हणून आजीचे नाणे सामानात टाकून पाठवू नका. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे पुरावस्तू ठरते आणि १९७२ च्या कायद्याने खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. एका बाजूला रामदरबार आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असलेले नाणे घरात असेल तर ते खुशाल पूजेत ठेवा. ते कंपनीचे चलन कधीच नव्हते, लाखोंना विकत घेऊ म्हणणाऱ्याचा फोन आला तरी.

काकांचा बयाणा परत मिळाला नाही. बाकीचे सतरा हजार वाचले. ते नाणे त्यांनी मंडळालाच दिले आहे. कार्यालयातल्या कपाटात भिंगाशेजारी ठेवले आहे. रविवारी सकाळी कोणीही येऊन आपले नाणे त्याच्याशी ताडून पाहावे.