‘येस’ म्हणायचं की ‘नो’?

गेल्या वर्षी मुंबईच्या एका प्रदर्शनात आमच्या गटाचा स्टॉल होता. जवसाच्या चटणीचं पाकीट हातात घेऊन एका बाईंनी विचारलं, “देअर आर नो पीनट्स इन धिस, आर देअर?” म्हणजे यात शेंगदाणे नाहीत ना? आमची मैत्रीण चटकन म्हणाली, “येस.” तिला म्हणायचं होतं, हो, नाहीत. बाईंना मात्र ऐकू आलं की शेंगदाणे आहेत. पाकीट खाली ठेवून त्या पुढे गेल्या.

एका पाकिटाचं एवढं काही नाही. पण चटणीत शेंगदाणे असते आणि आपण “नाही, आहेत की” अशा अर्थानं नुसतं “नो” म्हटलं असतं तर? शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या घशाला सूज येते, जिवावरही बेतू शकतं.

घोळ कुठे होतो बघा. मराठीत “हो” म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर. इंग्रजीत येस-नो ठरतं ते खरी गोष्ट काय आहे त्यावरून, मग प्रश्न कसाही विचारलेला असो. शेंगदाणे आहेत तर “येस, देअर आर.” नाहीत तर “नो, देअर आरन्ट.” नुसत्या येस-नोवर सोडू नका, पुढचे दोन शब्द जोडाच.

आता विचारायची बाजू. आपला एक ‘ना’ सगळीकडे चालतो. आलीस ना, देशील ना, गोड आहे ना. इंग्रजीत याला टॅग क्वेश्चन म्हणतात, आम्ही शेपूट म्हणतो. हे शेपूट वाक्यागणिक बदलतं. वाक्य होकारी तर शेपूट नकारी, वाक्य नकारी तर शेपूट होकारी. वाक्यात इज, कॅन, विल, हॅव यांतलं जे असेल तेच शेपटात येतं. “इट इज फ्रेश, इजन्ट इट?” “यू कान्ट कम टुडे, कॅन यू?” यांतलं काहीच नसेल तर डू, डझ किंवा डिड. “शी पेड यस्टर्डे, डिडन्ट शी?” ‘नेव्हर’ आलं की वाक्य नकारीच धरा. “शी नेव्हर कम्स लेट, डझ शी?” आणि “आय ॲम लेट, आरन्ट आय?” हे सरळ पाठ करा, तिथे तर्क लावत बसू नका.

आपल्याकडे पुष्कळ लोक सरसकट “इजन्ट इट” लावतात. समोरच्याला समजतं, लाजण्यासारखं काही नाही. येस-नो मात्र चुकवून चालत नाही.

सुराकडेही लक्ष द्या. खरंच माहीत नसेल तर शेपटाचा सूर वर न्या. खात्री आहे, नुसता दुजोरा हवा, तर खाली आणा.

सराव बैठकीतच करा. बचत गोळा झाली की एकीनं प्रत्येकीला विचारायचं, “यू हॅवन्ट पेड, हॅव यू?” भरली असेल तर “येस, आय हॅव.” नसेल तर “नो, आय हॅवन्ट.” आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा बचत भरलेल्या तिघी ठासून “नो” म्हणाल्या, आणि खजिनदारबाई घाबरून पावतीपुस्तक उघडून बसल्या.