फाटकापासून फोनपर्यंत

पुण्यात विशेष मुलांच्या पालकांची एकमेकांशी ओळख होते ती बहुधा शाळेच्या फाटकाशी. १९६४ पासूनची कामायनी असो की नंतरच्या शाळा, मुलाला आत सोडून बाहेर थांबलेल्या आयांच्या बोलण्यातूनच थेरपिस्टचे पत्ते मिळतात, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ससून रुग्णालयात कोणते कागद न्यायचे ते कळतं. ‘आपल्यामागे याचं काय?’ हा प्रश्नही तिथेच पहिल्यांदा मोठ्याने विचारला जातो. पालकगटाची सभा ही त्याचीच पुढची पायरी.

मार्च २०२० मध्ये ते फाटक बंद झालं. ९ मार्चला राज्यातले पहिले करोनाबाधित पुण्यातच सापडले आणि पंधरवड्यात देश थांबला. स्वमग्न मुलांचा दिनक्रम एका रात्रीत मोडला. शाळेची बस का येत नाही, हे त्यांना समजावायचं कसं? सभा झूमवर गेल्या. फुकटची चाळीस मिनिटं संपली की बोलणारी आई वाक्य अर्धवट टाकून दिसेनाशी व्हायची, मग सगळे पुन्हा लिंक उघडून जमायचे.

या काळात मिळालं ते मोलाचं होतं. मूल सोडून घराबाहेर पडणंच अशक्य असलेल्या आया पहिल्यांदा सभेत आल्या. रजा न मिळणारे बाबा आले, भोर-जुन्नरकडचे पालक आले. शिक्षिका कॅमेऱ्यासमोर कणकेचा गोळा मळून दाखवायच्या, एकत्र केलेले राजमा नि चवळी निवडायला लावायच्या. बोटांचा व्यायाम स्वयंपाकघरात होऊ लागला. निरामय या आरोग्यविमा योजनेतलं एक लाखाचं संरक्षण, अठरा वर्षांनंतरचं कायदेशीर पालकत्व, त्यासाठीची जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती, हे जाणकाराने एकदा सांगितलं की घराघरांत पोचायचं.

गमावलं तेही थोडं नव्हतं. सभेच्या खोलीत आई मोकळेपणी सांगू शकायची, की हा रात्रभर झोपत नाही, चावतो, कधीकधी मला त्याचा राग येतो. दोन खोल्यांच्या घरात, सासू-सासऱ्यांसमोर आणि मुख्य म्हणजे त्या मुलादेखत हे कसं बोलणार? ज्याला बोलता येत नाही त्याला कळतही नाही, असं मानणं हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून आया स्क्रीनवर ‘बरं चाललंय’ म्हणायच्या आणि सगळे झोपल्यावर एखाद्या मैत्रिणीला मेसेज टाकायच्या. घरात फोन एकच आणि त्यावर भावंडाचा तास चालू असला, तर तेही नाही.

माहितीची सत्रं यापुढेही ऑनलाइनच व्हावीत, त्यासाठी कुणाला दोन बस बदलायला लावू नये. मन मोकळं करायला मात्र प्रत्यक्षच भेटावं, आणि त्या दोन तासांत मुलांकडे बघायला प्रशिक्षित माणसं असावीत. महिन्यातला एक शनिवार शाळांनी त्यासाठी वर्ग उघडावेत. पूर्वी न येणाऱ्या आयांना सभा नकोशी नव्हती, मूल सांभाळणारं कुणी नव्हतं, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिलं. ती सोय करणं हे आता शाळा, संस्था आणि महापालिका या सगळ्यांचं काम आहे.