लाकूड आणि सांधा : दात्यांची पेटी
(लेखांक ६ वा)

मागील लेखांकात लाकडाच्या आकुंचन-प्रसरणाचा विचार झाला. आता त्याच ज्ञानाच्या आधारे एक लहान पेटी करावयाची आहे, आणि तिचा नमुना घ्यावयाचा तो कुंभकोणमच्या स्वयंपाकघरातला.

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले हे नगर, १७९९ साली कंपनी सरकारने मुलखाचा कारभार आपल्या हाती घेईपर्यंत, तंजावरच्या भोसल्यांच्या अंमलाखाली होते. आपल्याकडे मिसळणाचा डबा जे काम करतो, ते त्या मुलखात अंजरैप्पेट्टी करीत आली आहे : मोहरी, जिरे, मेथी, मिरी असे जिन्नस वेगवेगळे राखणारी, पाच कप्प्यांची लाकडी पेटी. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंतच्या ईशान्य मोसमी पावसात तेथील लाकूड फुगते आणि वैशाखाच्या उन्हात आटते. अशा हवेत लोखंडी खिळा गंजतो, त्याच्या भोवतीची फळी काळी पडते आणि कालांतराने चिरते. म्हणून पेटीचा भार खिळ्यावर न टाकता सांध्यावर टाकावा, हेच शहाणपणाचे.

ओले लाकूड पूर्ण वाळले तरी तंतूंच्या लांबीत ते बहुधा ०.१ ते ०.२ टक्क्यांपलीकडे आटत नाही. रुंदीत मात्र त्याच्या कित्येक पट आटते. यास्तव चारही फळ्यांचे तंतू पेटीला आडवा वेढा घालतील असे ठेवावेत, म्हणजे साऱ्या फळ्या उंचीतच सारख्या फुगतात आणि कोपऱ्यावर ताण येत नाही. फळीला फळी नुसती टेकवून सरस लावला, तर तंतूंची उघडी टोके तो शोषून घेतात आणि पकड येत नाही. दाते कापले असता त्यांच्या कुशी एकमेकींस भिडतात व सरसाला तंतूंची सलग बाजू मिळते. ६ सेंटिमीटर उंच फळीवर १ सेंटिमीटर रुंदीचे दाते घेतले तर प्रत्येक कोपऱ्यात अशा ५ जागा भिडतात. रुंदी निम्मी केली की त्या ११ होतात.

फळीच्या टोकापासून दुसऱ्या फळीच्या जाडीहून केसभर अधिक अंतरावर गुण्याने रेघ आखावी, आणि ती पेन्सिलीने न ओढता चाकूच्या टोकाने ओढावी, म्हणजे पटाशीला टेकावयास कडा मिळते. काढावयाच्या भागावर फुली करावी, करवत रेघ न खाता फुलीच्या अंगाने चालवावी, आणि खाच अर्धी एका बाजूने व अर्धी फळी उलटवून दुसऱ्या बाजूने काढावी. एकाच बाजूने आरपार पटाशी मारल्यास पाठीमागचे तंतू फाटून निघतात. दुसरी फळी मापाने आखू नये. पहिलीचे तयार दाते तिच्या तोंडावर ठेवून चाकूने उतरवून घ्यावेत. बाहेर उरलेली केसभर टोके सरस वाळल्यावर रंध्याने साफ होतात.

तळाची फळी मात्र सरसाने जखडू नये. बाजूंच्या आतून खोबण काढून तीत ती सैल बसवावी, अन्यथा पहिल्याच पावसात तिच्या फुगण्याने हे सांधे उघडतील. सरस लावण्यापूर्वी चारही कोपरे कोरडेच जुळवून पाहावेत आणि दोन्ही कर्ण समान भरतात याची खात्री करावी, कारण कापण्यातील कसूर सरसाने भरून निघत नाही.

कप्पे आणि सरकते झाकण यांचा विचार पुढील लेखांकी.